आकडी एकाला, शौचतपासणी दुसऱ्याची : पट्टकृमी ओळखण्याचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या शहागंजच्या दवाखान्यात आले. पंधरा दिवसांपूर्वी मुलाला शिकवणीत बसल्या बसल्या आकडी आली होती. मेंदूचा एमआरआय झाला होता आणि त्यात एक लहान गोल गाठ दिसत होती. रिपोर्टवर शब्द होता 'न्यूरोसिस्टिसर्कोसिस'. मोठ्या मुलाने तो शब्द मोबाईलवर शोधला आणि पहिल्याच ओळीत त्याला 'डुकराच्या मांसातला किडा' हे उत्तर मिळाले. त्या दिवसापासून घरात औषधे बंद.

"डॉक्टरसाब, हमारे यहाँ तो उसका नाम भी नहीं लेते. ये रिपोर्ट किसी और की होगी," वडील म्हणाले. आवाजात शंकेपेक्षा शरम जास्त होती. नातेवाइकांनी विचारले तर काय सांगायचे, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत मला जैन आणि माळकरी कुटुंबांनीही विचारलेला आहे. "आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही हो!" त्यांनाही मी तेच सांगतो जे या वडिलांना सांगितले : रिपोर्ट तुमच्याच मुलाचा आहे, आणि त्याने काहीही निषिद्ध खाल्लेले नाही. आता घरातल्या सगळ्यांच्या शौचाचे नमुने तपासायला आणा. हे ऐकून ते आणखीच चक्रावले. आकडी पोराला आली आणि तपासणी आमची?

वैद्यकशास्त्रालाही ही गोष्ट कळायला बराच काळ लागला. तो इतिहास आज सांगतो, कारण तो कळला की रिपोर्टमधला तो शब्द अपमानासारखा वाटत नाही.

कद्दूदाना

पट्टकृमी म्हणजे टेपवर्म. आतड्यात राहणारा, फितीसारखा चपटा, अनेक मीटर लांब जंत. एवढा मोठा जीव माणसाच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि त्यांच्या वर्णनात काही पांढरे, रुंद पट्ट्यासारखे, काही गांडुळासारखे, तर काही दोऱ्यासारखे बारीक असल्याची नोंद आहे. आजचा तंत्रज्ञही पहिली विभागणी जवळजवळ तशीच करेल : पट्टकृमी, गोलकृमी, सूत्रकृमी. ही सारी तपासणी उघड्या डोळ्यांनी झालेली.

अडचण अशी की रुग्णाला अख्खा जंत क्वचितच दिसतो. दिसतात ते त्याचे सुटे तुकडे. चौकोनी, पांढरे, कधी हळूच सरकणारे. अरब वैद्यांना ते भोपळ्याच्या बियांसारखे वाटले आणि युनानी परंपरेतून तोच शब्द आपल्याकडे आला. उर्दूत या आजाराला आजही 'कद्दूदाना' म्हणतात. शहागंजातले जुने लोक हा शब्द सहज वापरतात आणि रुग्णाने तो उच्चारला की माझे निम्मे निदान झालेले असते. कित्येक शतके मात्र वैद्यांचा समज असा होता की प्रत्येक 'बी' हा एक स्वतंत्र किडा आहे.

या तुकड्यांची माळ म्हणजे एकच जंत आणि त्याला एका टोकाला डोके असते, हे १६८३ साली लंडनच्या एडवर्ड टायसन यांनी भिंगाखाली पाहून लिहिले. त्यानंतर डोके शोधणे हाच तपासणीचा गाभा झाला. डोके आतड्याला चिकटून राहिले तर दोन-तीन महिन्यांत पूर्ण जंत पुन्हा वाढतो. म्हणून रुग्णाला उपाशी ठेवून डाळिंबाच्या मुळाची साल, आपल्याकडचा कपिला किंवा युरोपातला नेच्याचा अर्क द्यायचे, वर जुलाब द्यायचा आणि मग चोवीस तासांचे सगळे शौच चाळणीतून धुऊन काळ्या कापडावर पसरायचे. टाचणीच्या माथ्याएवढे पांढरे डोके काळ्यावर उठून दिसावे म्हणून. आज हे वाचून नाक मुरडावेसे वाटेल, पण त्या काळची ती अव्वल दर्जाची प्रयोगशाळा होती. बरा झाला की नाही, हे ती छातीठोकपणे सांगू शकत होती. आजची प्रयोगशाळा बहुतेक वेळा तेवढेही सांगू शकत नाही. का, ते पुढे येईल.

दोन जंत, एकसारखी अंडी

माणसाच्या आतड्यातले दोन मोठे पट्टकृमी महत्त्वाचे. एक गाय-बैलांच्या मांसातून येणारा 'टीनिया सॅजिनाटा', दुसरा डुकराच्या मांसातून येणारा 'टीनिया सोलियम'. मांसात तांदळाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे पाणीदार फोड असतात हे खाटकांना पूर्वीपासून ठाऊक होते, पण त्या फोडांचा आणि माणसाच्या पोटातल्या जंताचा संबंध कुणाच्या लक्षात आला नव्हता. १८५३ साली बेल्जियमच्या व्हान बेनेडेन यांनी डुकराला पट्टकृमीची अंडी खाऊ घातली, तेव्हा त्याच्या मांसात फोड तयार झाले. १८५५ साली जर्मन डॉक्टर फ्रीडरिश क्यूखेनमाइस्टर यांनी उलटा प्रयोग केला. मृत्युदंड झालेल्या एका कैद्याला, त्याच्या नकळत, अन्नातून ते फोड खायला घातले आणि शिक्षेनंतर शवविच्छेदन करून आतड्यात चिकटलेले कोवळे पट्टकृमी दाखवले.

गोमांसातल्या जंताचे असेच एक कोडे आपल्या देशात सुटले. १८६९ च्या सुमारास जालंधरच्या छावणीत ऑलिव्हर नावाच्या लष्करी डॉक्टरने गोमांसातले फोड दोन देशी माणसांना खायला देऊन पट्टकृमी तयार होतो हे पाहिले. त्या दोघांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. वैद्यकाच्या इतिहासात अशी बिननावाची माणसे पुष्कळ आहेत आणि मला त्यांच्याबद्दल वाचताना दरवेळी अस्वस्थ वाटते.

याच सुमारास सूक्ष्मदर्शक दवाखान्यात आला. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या कझिमिर दावेन यांनी दाखवले की जंत बाहेर पडण्याची वाट पाहायला नको, शौचाच्या ठिपक्यात त्याची अंडी दिसतात. गोलकृमीच्या बाबतीत ही पद्धत विलक्षण यशस्वी ठरली. गोलकृमीची मादी रोज लाखो अंडी थेट आतड्यात सोडते, त्यामुळे कोणताही ठिपका घ्या, सापडतेच.

टीनियाचे तसे नाही. त्याच्या गर्भाशयाला अंडी बाहेर सोडायला दारच नसते. अंडी तुकड्याच्या आत बंद राहतात आणि तुकडा फाटला तरच शौचात मिसळतात. आज तुकडा फाटला तर हजारो अंडी, उद्या एकही नाही. त्यामुळे पाच मीटरचा जंत पोटात असलेल्या माणसाचा स्टूल रिपोर्ट 'ओव्हा-सिस्ट आढळले नाहीत' असा येऊ शकतो आणि तंत्रज्ञाने काहीही चूक केलेली नसते.

त्यात भर म्हणजे पुढच्या काळात शोधलेल्या सोप्या पद्धती दुसऱ्याच जंतांसाठी होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभर हुकवर्मविरुद्ध मोहिमा चालू होत्या. १९२१ साली विलिस यांनी युक्ती काढली : शौच मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवा, हलकी अंडी वर तरंगतील, वर काच टेकवून ती उचला. स्वस्त आणि झटपट. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांत अजूनही शिकवतात. पण टीनियाची अंडी जड, ती त्या द्रावणात तरंगत नाहीत, तळाला बसतात. आमच्या विद्यार्थिदशेत हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न होता. उत्तर सगळ्यांना पाठ असायचे, त्याचा रुग्णाशी असलेला अर्थ मला दवाखाना टाकल्यावर कळला. तळाला बसणारी अंडी गोळा करणारी फॉर्मॉल-ईथर पद्धत रिची यांनी १९४८ साली सांगितली. ती चांगली आहे, पण ईथर, सेंट्रिफ्यूज आणि वेळ या तिन्ही गोष्टी गल्लीतल्या लॅबकडे एकदम असतील असे नाही.

आणि अंडे सापडले तरी गाडी अडतेच. दोन्ही टीनियांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखी दिसतात. तीच गोलाई, तेच जाड, रेघारेघांचे कवच, आत तेच सहा आकडे. म्हणून रिपोर्टमध्ये 'टीनिया स्पीशीज' एवढेच लिहिता येते. दोन जंतांत फरक करायचा तर पिकलेला तुकडा हवा. तो दोन काचांमध्ये दाबून उजेडात धरायचा आणि गर्भाशयाच्या मधल्या नळीतून एका बाजूला किती मुख्य फांद्या फुटतात ते मोजायचे. साधारण सात ते तेरा भरल्या तर सोलियम, पंधरा-वीस भरल्या तर सॅजिनाटा.

हे मोजणे मी प्रत्यक्ष पाहिले ते दवाखान्याच्या सुरुवातीच्या काळात. एका रुग्णाने बामच्या रिकाम्या बाटलीत तीन तुकडे आणून दिले. त्याआधी त्याचे दोन रिपोर्ट निरंक आले होते आणि मी त्याला 'पोटात काही नाही, मनातून काढून टाका' असे सांगून मोकळा झालो होतो. चूक लॅबची नव्हती, माझी होती. कागदावर विश्वास ठेवला, माणसावर नाही. तुकडे घेऊन मी विद्यापीठातल्या एका परिचित प्राध्यापकांकडे गेलो.

इथे आपल्या शहराचे एक फारसे माहीत नसलेले वैशिष्ट्य सांगायला हवे. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात पट्टकृमींच्या अभ्यासाची एक मोठी परंपरा उभी राहिली. जी. बी. शिंदे यांनी १९६८ साली माशातल्या पट्टकृमींची 'सर्कमऑन्कोबोथ्रियम' ही नवी प्रजाती मांडली. पुढे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मासे, कोंबड्या, शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यांतून कितीतरी नव्या जातींची वर्णने केली. म्हणजे बाजारात जे आतडे फेकून देतात, ते हे लोक पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेत. माशाच्या आतड्यातल्या दोन सेंटिमीटरच्या जंताची जात सांगू शकणारी माणसे गावात होती आणि आम्ही डॉक्टर मात्र माणसाच्या जंताला 'टीनिया स्पीशीज' लिहून गप्प बसत होतो! प्राध्यापकांनी तुकडा दाबला, रंगवला, भिंगाखाली धरला आणि मलाच मोजायला लावले. मी अठरा मोजल्या. सॅजिनाटा. हा जंत मेंदूत गाठी करत नाही, हे त्या रुग्णाला सांगताना मला किती हायसे वाटले!

आता राहिलेले ते 'का'. १९६० साली निक्लोसामाइड आले, नंतर प्राझिक्वांटेल. औषधे उत्तम, ना उपास, ना जुलाबाचे हाल. पण त्यांच्यामुळे जंत आतड्यातच विरघळतो किंवा त्याच्या चिंध्या होतात. काळ्या कापडावर शोधायला डोके उरत नाही आणि मोजायला फांद्या उरत नाहीत. उपचार जसा सोपा झाला तसा पुरावा हातातून गेला. म्हणून माझी विनंती असते, तुकडा दिसला तर आधी तो दाखवा, गोळी नंतर. शाळांतून जंतनाशक दिनाला मिळणाऱ्या अल्बेंडाझोलच्या एका गोळीवर पट्टकृमीच्या बाबतीत विसंबता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

सैनिकांच्या आकड्या

कोणता जंत आहे याला इतके महत्त्व का? कारण सोलियम माणसात दोन वेगळ्या वाटांनी शिरतो. कच्च्या डुकराच्या मांसातला फोड खाल्ला तर आतड्यात जंत होतो. अशा माणसाला बहुधा काहीच त्रास नसतो. पण त्याच्या शौचातली अंडी हातातून, पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून दुसऱ्या कुणाच्याही पोटात गेली, तर त्या दुसऱ्या माणसाचे शरीर डुकराची जागा घेते. अळ्या रक्तातून पसरतात आणि स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत फोड होतात. हाच सिस्टिसर्कोसिस. मांस खाल्ले एकाने, आकडी आली दुसऱ्याला.

भारतात मेंदूतल्या या आजाराची पहिली नोंद १८८८ सालची, मद्रासची. आकड्या येऊन वारलेल्या एका मजुराची. पण आजाराचा खरा आवाका समजला तो इंग्लंडात. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानातल्या छावण्यांत राहून परतलेल्या धडधाकट गोऱ्या सैनिकांना ऐन तिशीत आकड्या सुरू व्हायच्या. घराण्यात कुणाला नाही, डोक्याला मार नाही. त्यांच्यावर साध्या अपस्माराचा शिक्का बसायचा, काहींवर वेडाचा, आणि सैन्यातून रवानगी. १९३० च्या दशकात लष्करी डॉक्टर विल्यम मॅकआर्थर यांनी अशा सैनिकांच्या कातडीखाली बारीक गाठी चाचपून पाहायला आणि मांड्यांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. स्नायूंत तांदळासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. वाळलेले, चुना साचलेले फोड. १९६१ साली डिक्सन आणि लिप्सकोम यांनी अशा ४५० रुग्णांचा पाठपुरावा छापला. बहुतेक जण हिंदुस्थानात राहून गेलेले होते, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला पट्टकृमी झाल्याचे आठवत नव्हते.

शौचतपासणीच्या इतिहासातला हा कळीचा धडा आहे. आकडी येणाऱ्या माणसाच्या शौचात शोधून उपयोग थोडा, कारण जंत बहुधा त्याच्या पोटात नसतोच. तो स्वयंपाक करणाऱ्याच्या, वाढणाऱ्याच्या, शेजाऱ्याच्या पोटात असतो.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे. १९९० आणि १९९१ या वर्षांत तिथल्या सनातनी ज्यू वस्तीत चार जणांना आकड्या आल्या आणि मेंदूत सिस्टिसर्कोसिस निघाला. ही माणसे धर्माने डुकराचे मांस वर्ज्य मानणारी. तपास केला तेव्हा त्यांच्या घरी लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायका घरकाम करत होत्या असे आढळले, आणि त्यातल्या एकीला टीनियाचा संसर्ग होता. तिला स्वतःला काही त्रास नव्हता. तिने मुद्दाम काही केले नव्हते. १९९२ साली हा अहवाल छापून आला. तो मी त्या वडिलांना जमेल तसा सांगितला. 'ज्यू' हा शब्द आला तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले.

आपल्याकडे गोंधळ वेगळाच झाला. सीटी स्कॅन आले, आणि आकडी आलेल्या तरुण रुग्णांच्या मेंदूत एक लहानशी गोल कडी दिसू लागली. ती क्षयाची गाठ समजून देशभर असंख्य रुग्णांना महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली गेली. गाठ नाहीशी झाली की औषध लागू पडले असे वाटायचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चांडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या, तर त्यातल्या अनेकांत मरणाऱ्या सिस्टिसर्कसचे अवशेष निघाले. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. गाठ मुळात आपोआपच विरणारी होती. मी शिकत होतो तेव्हा हे ताजे होते आणि आमच्यातल्या निम्म्यांचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

त्या घरात पुढे काय झाले

घरातल्या सहाही जणांचे नमुने तपासले. वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येकी तीन, तळाला बसणाऱ्या पद्धतीने. कोरडी, स्वच्छ बाटली, लघवी मिसळू न देता, आणि सकाळी दिलेला नमुना दुपारच्या आत लॅबमध्ये. तुकडा दिसला तर उघड्या हाताने धरू नका, सलाईनमध्ये टाकून आणा, हेही सांगितले. आईला हे सगळे विचित्र वाटले, पण आजीने सर्वांत काटेकोरपणे केले. शौचातले जंताचे प्रतिजन शोधणारी एलायझा चाचणी १९९० पासून ज्ञात आहे. अंडी पाहण्यापेक्षा ती पुष्कळ संवेदनशील. ती आणि जात सांगणारी पीसीआर संशोधनसंस्थांत होते, आमच्या भागातल्या लॅबमध्ये मिळत नाही.

अठराही रिपोर्ट निरंक. धाकट्या बहिणीच्या नमुन्यात मात्र बुटक्या पट्टकृमीची, 'हायमेनोलेपिस नाना'ची अंडी निघाली असती तर मला नवल वाटले नसते. मुलांत तो सर्रास आढळतो आणि त्याचा मेंदूशी काही संबंध नाही. पण तीही नव्हती. अंडी कुठून आली हे कळले नाही. मुलगा शिकवणीच्या बाहेर रोज काही ना काही खात होता. त्यावरून कुणा गाडीवाल्याकडे बोट दाखवणे मला पटत नाही. तो माणूसही बहुधा निरोगीच दिसत असेल आणि त्याची तपासणी कुणी कधी केलेली नसेल.

मुलाची आकडीची औषधे सुरू झाली, सोबत न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली अल्बेंडाझोल आणि स्टिरॉइड. ही औषधे घरच्या घरी सुरू करू नयेत. मेंदूतला फोड मरताना सूज येते आणि आकड्या वाढू शकतात. सहा महिन्यांनी केलेल्या स्कॅनमध्ये गाठ विरलेली होती.

तो स्कॅन दाखवायला वडील एकटेच आले. मुलाबद्दल बोलून झाल्यावर म्हणाले, आता एक काम करा, हा आजार खाण्यातून झालेला नाही असे तुमच्या कागदावर लिहून द्या. खाण्यातूनच झाला आहे, पण मांसातून नाही, असे मी म्हणालो आणि तसेच लिहून दिले. चार ओळी, मराठीत. त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, खाली शिक्का मारायला सांगितले आणि घडी करून खिशात ठेवली.